रश-बॅगट तह उद्या मोडला तर?

मिसिसागाकर: किंग्स्टनला फोर्ट हेन्री बघून आलो. तिथल्या गाईडने सांगितलं की अमेरिकेने आणि ब्रिटनने (कॅनडा तेव्हा त्यांचाच) सीमेवरच्या सरोवरांत किती लढाऊ जहाजं ठेवायची हे १८१७ सालीच रश-बॅगट तहाने ठरलंय. सध्या अमेरिका-कॅनडाचं जे काही चाललंय ते बघता, उद्या एकाने 'आम्हाला नको' म्हटलं तर? कोर्टबिर्ट काही भानगड असते का?

गलबत: काही नाही. तहातच लिहिलंय, सहा महिने आधी कळवा आणि मोकळे व्हा. कागद तसा जेमतेमच आहे. ऑन्टारिओ सरोवरावर प्रत्येकी एक जहाज, वरच्या सरोवरांत (ईरी, ह्युरॉन वगैरे) दोन, शँप्लेन सरोवरावर एक. तेही शंभर टनांच्या आतलं, १८ पौंडी एकच तोफ.

आणि नोटीस एकदा गेलेलीही आहे. अमेरिकेचं यादवी युद्ध चालू असताना, १८६४ च्या सप्टेंबरात, कॅनडातून आलेल्या दक्षिणी बंडखोरांनी ईरी सरोवरात 'फिलो पार्सन्स' ही प्रवासी बोट पळवली. जॉन्सन्स बेटावरचे त्यांचे कैदी सोडवायचे, आणि पहाऱ्यावरचं 'मिशिगन' हे जंगी जहाजच ताब्यात घ्यायचं, असा बेत. तो फसला. पण ऑक्टोबरात कॅनडातूनच येऊन त्यांनी व्हरमाँटमधल्या सेंट ऑल्बन्सला तीन बँका लुटल्या आणि अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री सीवर्डचं डोकं फिरलं. २३ नोव्हेंबरला लंडनमध्ये नोटीस. काँग्रेसला विचारलंच नव्हतं; तिने फेब्रुवारीत मागाहून शिक्का मारला. (हे काही आजचंच नाही म्हणायचं.) मार्चमध्ये, मुदत संपायच्या आतच, सीवर्डने कळवलं की तह राहू दे.

गंमत अशी, की त्याच महिन्यात अमेरिकेने कॅनडाबरोबरच्या १८५४ च्या व्यापारी कराराला नोटीस दिली, आणि तो मात्र वर्षभराने खरंच संपला. म्हणजे जहाजांचं जमलं, मालाचं नाही. तुम्हाला काळजी करायचीच असेल तर टॅरिफची करा.

शंकेखोर: पण तह पाळतंय कोण? अमेरिकन कोस्ट गार्डच्या बोटींवर मशीनगन आहेत की!

गलबत: पाळला कधी होता, साहेब? ते 'मिशिगन'च १८४३ चं, लोखंडी, सहाशे टनांच्या आसपास. ब्रिटिशांनी कुरकूर केली, पुढे काही नाही. मशीनगनचं म्हणाल तर त्या पोलिसी कामासाठी आहेत असं अमेरिकेने सांगितलं, कॅनडाने मान डोलावली. २००६ मध्ये मात्र सरोवरांत ३४ ठिकाणी खऱ्या गोळ्यांचा सराव करायचं निघालं, तेव्हा दोन्ही काठांवरचे महापौर आणि बोटवाले असे काही उखडले की डिसेंबरात बेतच गुंडाळला.

मिसिसागाकर: म्हणजे मोडला तरी फरक नाही?

गलबत: अमेरिकेला मिळणार काय, ते बघा. विस्कॉन्सिनच्या मॅरिनेटला, सरोवराकाठीच, आजही युद्धनौका बांधतात. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही सरकारांनी पत्रापत्री करून बांधकामापुरती सूट घेतली होती. पण बांधलेलं जहाज समुद्रात न्यायचं तर वाट कॅनडातून, सेंट लॉरेन्सने. तिथलीच 'लिटल रॉक' ही युद्धनौका घ्या: ते जहाज डिसेंबर २०१७ मध्ये बफेलोला नौदलात दाखल झालं आणि जाताजाता माँट्रियलला बर्फात अडकून मार्चअखेरपर्यंत तिथेच पडून होतं. शेजाऱ्याच्या धक्क्यावर!