कमी पैशातल्या स्लॅशरपटाला खरी व्हायोलिनं हवीत: काय ऐकू, कोल्हापुरात कोणाला विचारू?

ऊसपट्टा:
मंडळी, आम्ही काही मित्र मिळून चाळीस मिनिटांचा भयपट करतोय. स्लॅशर प्रकारातला, म्हणजे हत्यार घेऊन एकेकाला मारत सुटलेल्या खुन्याचा. गळीत हंगाम, शिरोळकडचं बंद पडलेलं गुऱ्हाळ आणि रात्री उसाच्या फडात कोयता घेऊन फिरणारा एकजण. शूटिंग झालंय, एडिटिंग सुरू आहे, पण संगीतावर गाडी अडलीय. एडिटर म्हणतो, कीबोर्डवरच्या तयार स्ट्रिंग्ज, म्हणजे व्हायोलिनसारखे बनवलेले आवाज, लावून मोकळं होऊ. लावून बघितल्या. सूर बरोबर आहेत, पण गज तारेवर घासतो तेव्हाची खरखर त्यात नाही आणि कोयत्याचा सीन थंड पडतो. मला खरी वाद्यं हवीत. पंचवीस हजार बाजूला ठेवलेत. आधी कोणते सिनेमे कान देऊन ऐकू? आणि आपल्याकडं हे वाजवून कोण देईल?

तिकीटखिडकी:
'सायको'पासून सुरू कर, आधी कितीही वेळा बघितला असलास तरी. 1960 चा सिनेमा, खर्च साधारण आठ लाख डॉलर. संगीतकार बर्नार्ड हरमननं नुसती तंतुवाद्यं घेतली. न्हाणीघरातल्या खुनाला दिग्दर्शक हिचकॉकला संगीतच नको होतं. हरमननं तरी लिहिलं आणि ते ऐकून हिचकॉकनं विचार बदलला. आता हेडफोन लावून एक गोष्ट तपास. बाकीच्या सिनेमात व्हायोलिनला म्यूट लावलेला आहे, आवाज दबलेला. खुनाच्या वेळी म्यूट काढलाय. व्हायोलिनची ती किंकाळी अंगावर येते त्याचं अर्धं कारण हेच, तोवर कानाला उघडा आवाज मिळालेलाच नसतो. याला पैसा लागत नाही.

दुसरा 'फ्रायडे द थर्टीन्थ', 1980. साडेपाच लाख डॉलरचा सिनेमा आणि संगीतकार हॅरी मॅनफ्रेडिनीच्या हाताशी मोजकेच वादक. त्यानं नियम असा ठेवला की खुनी जवळ असेल तरच संगीत वाजायचं. तिरंदाजीच्या जागेवर बाण मुलीच्या अगदी शेजारी घुसतो, प्रेक्षक दचकतो, पण संगीत नाही, कारण ती पोराची मस्करी असते. आपला कान हे नकळत शिकतो आणि पुढं सूर सुरू झाला की पोटात गोळा येतो. ती प्रसिद्ध कुजबुज म्हणजे 'किल' आणि 'ममी'ची पहिली अक्षरं, त्यानं स्वतःच माइकमध्ये बोलून इको मशीनमधून काढलेली.

तुझ्या फडातल्या सीनना हाच नियम लाव. पाचटाचा आवाज, लांबून ट्रॅक्टर, बाकी शांतता. कोयतेवाला आला की मगच गज.

खर्जातला:
माझं मत वेगळं आहे. 'हॅलोवीन' (1978) तीन लाख डॉलरच्या आसपास झाला आणि दिग्दर्शक जॉन कार्पेंटरनं स्वतःच पियानो आणि सिंथेसायझरवर सगळं संगीत केलं. लय पाच ठोक्यांची. प्रत्येक ठोक्याचे दोन भाग केले की झपतालाच्याच दहा मात्रा, पण 3-3-2-2 अशा तोडलेल्या, त्यामुळं सम कुठं येणार ते पहिल्यांदा ऐकताना समजत नाही. पैसे कमी असतील तर लय धर, वादक गोळा करत बसू नकोस.

ऊसपट्टा:
दोघांचे आभार. लयीचा मुद्दा पटला, पाठलागाच्या सीनला वापरतो. पण मुख्य आवाज गजाचाच हवा, त्यावर मी ठाम आहे. अडचण अशी की ओळखीचे व्हायोलिनवाले सगळे शास्त्रीय बाजाचे. पाश्चात्य नोटेशन वाचणारा एकही नाही.

चारतारा:
मी व्हायोलिन शिकवतो, म्हणून सविस्तर लिहितोय. नोटेशनची काळजी सोडा. मॅनफ्रेडिनीवर ज्याचा प्रभाव होता त्या पेंडेरेत्स्की या पोलिश संगीतकाराची हिरोशिमाच्या बळींसाठीची रचना ऐका. बावन्न तंतुवाद्यं आहेत, पण स्वरलेखनात बऱ्याच ठिकाणी नुसत्या खुणा आणि सेकंद आहेत. एक खूण सांगते, 'वाद्यावर निघेल तो सर्वांत वरचा स्वर वाजवा.' हे तुम्ही वादकांना मराठीत तोंडी सांगू शकता.

मी असं सांगेन. प्रत्येकानं तारसप्तकाच्या वर जवळजवळचा पण वेगळा स्वर धरायचा, शेजाऱ्याशी जुळवायचा नाही. आमच्या माणसाला हे जड जातं, हात आपोआप सुरात जातो, तेव्हा दोनदा समजावा. मग गज घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीच्या, अगदी जवळ आणायचा. आवाज काचेसारखा चिरका होतो. शेवटी सगळ्यांनी एकदम खाली मींड घ्यायची, म्हणजे न तुटता खालच्या स्वरावर घसरत जायचं, ज्याची त्याची गती वेगळी. मींड आमच्या लोकांइतकी सुंदर कोण घेणार? तुमच्या सिनेमाचा स्वतःचा आवाज तिथंच सापडेल.

चार वादक पुरेत. चार वेळा रेकॉर्ड करून ते थर एकावर एक लावा, दर वेळी जागा बदला, वाद्यं आपसात बदला, माइक मागं-पुढं करा. तेच चौघं त्याच जागी वाजवत राहिले तर थर एकमेकांत मिसळून जातात आणि संख्या वाढल्यासारखी वाटत नाही. शिवाजी विद्यापीठाच्या संगीत विभागात विद्यार्थ्यांची चौकशी करा, देवल क्लबात विचारा. मानधन आधी ठरवा आणि श्रेयनामावलीत प्रत्येकाचं नाव द्या.

ऊसपट्टा:
सर, मनापासून धन्यवाद. आणि खर्जाचं काय? चेलो कुठून आणू?

खर्जातला:
याला माझ्याकडं उत्तर आहे. लग्नाच्या बँडमधला युफोनियमवाला गाठ, खर्जातलं मोठं पितळी वाद्य असतं ते. लांब, दबका, दमसासाचा एकच स्वर धरायला सांग, वर चारतारा सरांची व्हायोलिनं. सनईवाला बरोबर येत असेल तर त्यालाही बोलाव, पण सूर नको, नुसती फुंक रेकॉर्ड कर. लग्नसराईत जाऊ नकोस. चातुर्मासात ही मंडळी निवांत असतात.

तिकीटखिडकी:
एक राहिलं. 1980 च्या दशकातला 'द हाउस ऑन सोरोरिटी रो' ऐक. छोट्या पैशाचा स्लॅशर, पण रिचर्ड बँडचं संगीत लंडन फिलहार्मोनिकनं वाजवलंय. तसा मोठा आवाज तुला मिळणार नाही आणि फडात तो शोभणारही नाही, पण गोड चालीखाली भीती कशी ठेवायची ते त्यात कळतं. आणि एडिटिंगला तात्पुरते लावलेले हरमनचे तुकडे अंतिम प्रतीतून आठवणीनं काढ, हक्कांचा प्रश्न येईल.

ऊसपट्टा:
काढतो. चातुर्मासापर्यंत थांबायची तयारी आहे. चारतारा सर, तोवर फडातल्या सीनचं एडिट तुम्हाला दाखवलं तर चालेल का?

चारतारा:
जरूर दाखवा. आवाज बंद करून पाठवा, आधी नुसतं चित्र बघतो.