प्रतिसाद: अबॉर्ट पाठवला तरी काम चालूच राहतं

वर विचारलंय की आयपायपॅरललमध्ये (पायथनचं काम अनेक प्रोसेसवर वाटून चालवणारी लायब्ररी) क्लायंटवरून, म्हणजे आपल्या स्क्रिप्टकडून, अबॉर्ट (काम रद्द करण्याचा निरोप) पाठवला तरी इंजिनवरचं, म्हणजे काम चालवणाऱ्या प्रोसेसवरचं, काम थांबत नाही, म्हणजे कंट्रोल चॅनल (असे निरोप नेणारी वाट) बंद पडलाय का? चॅनल ठणठणीत आहे. अबॉर्ट फक्त रांगेत थांबलेली कामं रद्द करतो. जे सुरू झालं त्याला तो हात लावत नाही.

कंट्रोल चॅनल वेगळा ठेवलाय तो याचसाठी, की निरोपाला कामांच्या रांगेमागे ताटकळावं लागू नये. दहा मिनिटांच्या लूपमागे 'बंद हो' हा निरोप अडकला तर त्याचा उपयोग काय?

प्रिंटचं आउटपुट मात्र आयओपब नावाच्या वेगळ्या चॅनलवरून येतं, आणि तो झिरोएमक्यू या निरोप पाठवणाऱ्या लायब्ररीच्या पब-सब पद्धतीचा, म्हणजे प्रक्षेपणासारखा: त्या वेळी जो ऐकत असेल त्यालाच मिळतं. उशिरा जोडलेल्या क्लायंटला आधीचं आउटपुट तिथून मिळत नाही. निकालाचं तसं नाही, तो हबकडून (कामांची नोंद ठेवणारी मधली प्रोसेस) नंतरही मागता येतो (हबने साठवला असेल आणि तोवर पुसला नसेल तर!). म्हणून महत्त्वाचं काही असेल तर प्रिंट करू नका, फंक्शनमधून रिटर्न करा.

व्ह्यूबद्दल (क्लायंटवरून इंजिनांना काम देण्याचं साधन) थोडक्यात: इंजिन आपण निवडायचं तर डायरेक्टव्ह्यू, शेड्यूलरवर (कामं वाटून देणारा भाग) सोडायचं तर लोडबॅलन्स्डव्ह्यू.

आणि हो, क्लायंट निकाल स्वतःच्या मेमरीतही साठवतो. माझी स्क्रिप्ट रात्रभर चालून सकाळी मेमरी संपून पडली होती. दोन दिवस इंजिनांवर संशय घेतला, दोषी निघाला क्लायंट. आता दर फेरीनंतर पर्ज करतो, म्हणजे साठलेले निकाल पुसून टाकतो.