सकाळी लागणारा, दुपारी विझणारा दिवा

टायरमधील हवा कमी झाल्याचे सांगणारा डॅशबोर्डवरचा दिवा सकाळी लागतो आणि दुपारी आपोआप विझतो, म्हणून सेन्सरच बदलावा, हा सल्ला मला घाईचा वाटतो. तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने उतरले की टायरमधला दाब सुमारे 1 पीएसआयने (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजण्याचे एकक) घटतो. आमच्या ग्वाल्हेरला जानेवारीत पहाटेचा कडाका आणि दुपारचे ऊन यांतच तीनेक पीएसआयचा फरक सहज पडतो. म्हणून गाडी निदान तीन तास उभी असताना, चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर छापलेल्या आकड्याइतकी हवा भरावी. पंपावरचा मुलगा "पैंतीस कर दूँ?" असे सर्वांनाच विचारतो, ते सोडा. मात्र तुमच्या गाडीतील दाबावर लक्ष ठेवणारी प्रणाली चाकांच्या वेगावरून अंदाज बांधणारी असेल, तर हवा भरल्यावरच ती रीसेट करावी. कमी हवेवर रीसेट केल्यास ती तोच दाब प्रमाण मानते.