स्टाफची दरवर्षी टीबी तपासणी: पैसे नको तिथे चाललेत का?

केसपेपर:
आमच्या मुंबईतल्या इस्पितळात (नाव नको) घाट घातलाय, सगळ्या स्टाफची दरवर्षी इग्रा करायची. रक्ताची ही महागडी चाचणी फक्त जंतू अंगात शिरला होता का ते सांगते. आजार आहे की नाही, ते नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 15 वर्षांवरच्या साधारण 31 टक्के लोकांत संसर्ग सापडला होता. मग वॉर्डात राबणाऱ्यांचं काय विचारता! संसर्ग झालेल्या दहापैकी नऊ जण जन्मात आजारी पडत नाहीत. अमेरिकेच्या सीडीसीनेही (तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) 2019 मध्ये सरसकट वार्षिक चाचणी नको म्हटलं. आपणच का पैसे उधळायचे?

नाईट_ड्युटी:
अहो, तिथे टीबी कमी म्हणून त्यांनी बंद केली. तोच दाखला मुंबईला लावताय? आमच्या वॉर्डातल्या मावशी दोन महिने खोकत होत्या. केमिस्टकडची बाटली पदराला बांधल्यासारखी सोबत. कंत्राटी माणूस, खाडा केला की त्या दिवसाचा पगार गेला. थुंकी तपासेपर्यंत त्या रोज केमो चाललेल्या पेशंटची चादर बदलत होत्या. औषधं सरकार फुकट देतं हो, पण ते दोन महिने तुमच्या हिशेबात कुठे बसतात?

केसपेपर:
ताई, तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत. इग्रा पॉझिटिव्ह आली असती तरी 'मुंबईत अर्ध्यांना येते' म्हणून कागद फाईलला लागला असता. मावशींना हवा होता छातीचा एक्स-रे, थुंकीत टीबीचा जंतू शोधणारी सीबीनॅट चाचणी आणि पगारी रजा. रजा नसेल तर 'खोकला आहे का' या रकान्यात सगळे 'नाही'च लिहिणार.

कोकणी_पोरगी:
मी रत्नागिरीहून नर्सिंगला आले तेव्हा निगेटिव्ह होते, वर्षभरात पॉझिटिव्ह. एक्स-रे स्वच्छ, म्हणून प्रतिबंधक गोळ्या दिल्या, आठवड्यातून एकदा, बारा आठवडे. लघवी केशरी झाली तेव्हा घाबरून आईला फोन केला होता 😅 पण पहिली चाचणीच नसती तर हे कळलं असतं का?

केसपेपर:
नाही. नव्या मुलामुलींची रुजू होताना आणि पहिली एक-दोन वर्षं करा, हे पटलं. वीस वर्षं वॉर्डात काढलेल्यांची नको. शिवाय संसर्ग एमडीआर (मुख्य औषधांना दाद न देणारा टीबी) पेशंटकडून आला असेल तर त्या नेहमीच्या गोळ्यांचा भरवसा नाही, हेही मुंबईत विसरू नका.

फुकटचा_सल्ला:
एवढा काथ्याकूट कशाला? खिडक्या उघडा. हवा खेळती ठेवायला काय पैसे पडतात?

नाईट_ड्युटी:
या एकदा बघायला. कबुतरं येतात म्हणून खिडक्यांना जाळी, पावसाचं पाणी येतं म्हणून तिच्यावर पुठ्ठा, आणि पुठ्ठ्यावर 'हात धुवा'चं पोस्टर.
आणि केसपेपर, तुमचा एक्स-रे मान्य. पण यादी कोण करणार? मावशींचं नाव कंत्राटदाराच्या हजेरीपटावर आहे, इस्पितळाच्या नाही.