क्रॉसबो घेताना वेग बघायचा की आणखी काही?

शिरोलीचा_लेथवाला
राम राम मंडळी. माझा साडू ओहायोत असतो, कोलंबसपासून तासभर लांब. तिकडं सप्टेंबरअखेरीपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत धनुष्यबाणानं हरीण मारायचा हंगाम असतो, क्रॉसबोही, म्हणजे बंदुकीसारखा दस्ता आणि ट्रिगर असलेलं आडवं धनुष्यही, चालतं. दिवाळीनंतर मी जाणार आहे. तो म्हणतो, "तुझ्यासाठी एक घेऊन ठेवतो, कुठला ते तूच सांग." मी आयुष्यात गलोल सोडून काही ताणलेलं नाही. त्यानं दोन लिंका धाडल्यात. एकावर ३३० एफपीएस लिहिलंय, दुसऱ्यावर ४७०, आणि किंमत जवळजवळ तिप्पट. लेथचा आरपीएम मला कळतो, हे कळत नाही. जास्त तेवढा चांगला, असंच ना?

राजारामपुरीकर
नाही भावा. मी शेजारच्या पेनसिल्वेनियात अकरा वर्षं काढली. तिथं २००९ पासून धनुष्याच्या हंगामात क्रॉसबो सगळ्यांना खुला झाला, तेव्हाच मीही या नादाला लागलो.

एफपीएस म्हणजे बाण सेकंदाला किती फूट जातो. हरीण तीस यार्डांवर, म्हणजे ९० फुटांवर उभं आहे असं धर. ३३० वाल्याचा बाण साधारण ०.२७ सेकंदात पोचतो, ४७० वाल्याचा ०.१९ मध्ये. आणि दोरीचा खाडकन् आवाज? ०.०८ मध्ये. दोन्ही बाणांच्या आधी आवाज पोचतो. हरीण उडी घ्यायच्या आधी खाली बसल्यागत दबतं आणि बाण पाठीवरून जातो, नाहीतर नको तिथं लागतो. मग रात्रभर बॅटरी घेऊन रक्ताचे थेंब शोधत फिरायचं. त्यामुळं आवाज कमी असलेला घे, आणि तीस यार्डांपलीकडं मोह धरू नकोस.

खरी गोष्ट ओढण्याची. शिकारीच्या क्रॉसबोचा ताण दीडशे ते दोनशे पौंड असतो. १७५ पौंड म्हणजे ८० किलो. पुढच्या टोकाला असलेल्या रिकिबीत पाऊल घालून दोरी वर ओढायची. कॉकिंग रोप (दोरी ओढायचा हुकांचा दोर) लावला की जोर निम्मा, चाळीसेक किलो. हे पहाटे, थंडीत, जाड जॅकेट घालून करायचंय. हँडल फिरवून दोरी ओढायचा क्रँकवालाही मिळतो, पण महाग.

प्रकार दोन. रिकर्व्ह साधा, रुंद, दोरी तुटली तर रानातच बदलता येते. कंपाउंडला चाकं असतात, अंगानं अरुंद असतो, मचाणावर सोयीचा. पण दोरी बदलायला धनुष्य दाबून धरणारा प्रेस लागतो, म्हणजे दुकानाची वारी. बाण जोडीला मिळतात त्याच वजनाचे आणि त्याच नॉकचे (शेपटीच्या खाचेचे) वापर. हलका बाण घालून वेग वाढवणारे शहाणे असतात, त्यांचे लिंब (धनुष्याचे वाकणारे हात) लवकर जातात.

माझीही एक चूक सांगतो. पहिल्याच आठवड्यात मित्राला दाखवताना बाण न लावताच ट्रिगर दाबला. सगळा जोर बाणाऐवजी लिंबात गेला. दिवाळीत सुतळी बॉम्ब हातात फुटावा तसं वाटलं. लिंब उभा चिरला आणि दोरी माझ्या कानाजवळून गेली. हल्लीच्या बहुतेक क्रॉसबोंना यासाठी लॉक असतं, ते आहे का ते आधी विचार. आणि डाव्या हाताचा अंगठा रेलच्या (दोरी जिच्यावरून धावते त्या पट्टीच्या) वर कधीच येता कामा नये. दोरीला अंगठा आणि काकडी यातला फरक कळत नाही.

लायसन्सचं साडूला विचार. नवख्याला हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, नाहीतर ओहायोत अप्रेंटिस लायसन्स मिळतं, त्यात अनुभवी माणूस सोबत पाहिजे.

भुदरगडचा_ऊसवाला
येताना एक माझ्यासाठी पण आणा की. रानडुकरांनी यंदाही बांधालगतचा ऊस झोपवला. बंदुकीसारखा आवाज नाही, कुणाला कळणार नाही.

राजारामपुरीकर
दादा, हे इथं लिहिलंत तेवढं पुरे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि डुक्कर त्यातल्या संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या अनुसूचीत (यादीत). बंदूक असो, फास असो की बाण, परवानगीशिवाय मारलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. नुसता प्रयत्नही शिकारीतच धरतात. गव्याचं तर नावच काढू नका, तो पहिल्या अनुसूचीत. पिकाला उपद्रव असेल तर रीतसर अर्ज करा, पंचनामा करून भरपाई मागा. वेळ खातं, माहितीय. माझ्या मामांचा ऊसही राधानगरीकडंच आहे.

शिरोलीचा_लेथवाला
३३० वालाच सांगतो. आज शॉपमध्ये चाळीस किलोचं कास्टिंग कमरेपर्यंत उचलून बघितलं. चार वेळा जमलं. पाचव्यांदा मिस्त्री म्हणाला, "मालक, क्रेन आहे की."

राजारामपुरीकर
चार म्हणजे भरपूर. एका सकाळी चार वेळा ओढायची पाळी आली तर नेम चुकतोय असं समज.