मंदक्रोध म्हणजे लांब नाकाचा

बायबलच्या जुन्या करारातला देव रागीट आणि नव्या करारातला प्रेमळ, अशी विभागणी केली जाते; ती मला पटत नाही. ती नवीही नाही. दुसऱ्या शतकात मार्सियन या ख्रिस्ती शिक्षकाने हे दोन वेगळेच देव आहेत असं शिकवलं आणि इ.स. १४४ च्या सुमारास रोमच्या ख्रिस्ती मंडळीने त्याला बाहेर काढलं. देव स्वतःचा स्वभाव स्वतःच्या तोंडून सांगतो ती जागा जुन्या करारातच आहे, निर्गम या पुस्तकात (३४:६-७). लोकांनी सोन्याचं वासरू करून पुजल्याचं प्रकरण नुकतंच घडलेलं, मोशेने रागाने आज्ञांच्या पाट्या फोडलेल्या, आणि तरी सुरुवात होते दयाळू, कृपाळू, मंदक्रोध (लवकर न रागावणारा) अशी. (पुढच्याच ओळीत अपराधाची शिक्षाही आहे, ती गाळून वाचू नये.) 'मंदक्रोध'साठी मूळ हिब्रूत शब्दशः 'लांब नाकाचा' असं आहे. तिथे नाक आणि राग यांना एकच शब्द, 'अफ'. आपल्याकडे राग नाकाच्या शेंड्यावर असतो, तसंच काहीसं. फक्त इथे शेंडा फार लांब!

गंमत म्हणजे योनाच्या पुस्तकात (४:२) संदेष्टा योना हीच ओळ देवाच्या तोंडावर फेकतो, तीही तक्रार म्हणून. तू असा आहेस हे ठाऊक होतं, म्हणूनच तू निनवेला (शत्रू अश्शूरांच्या शहराला) पाठवत असताना पळालो, असं त्याचं म्हणणं. निनवेवाल्यांना माफी मिळाली हे त्याला सहन होत नाही. पण नहूम या दुसऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकात (१:३) त्याच निनवेबद्दल बोलताना तोच 'मंदक्रोध' येतो आणि लगेच, दोषीला तो मुळीच सोडणार नाही. म्हणजे ताण दोन करारांमधला नाही, त्या एकाच वाक्यातला आहे.