गेम सर्व्हर कंटेनरमध्ये कशाला कोंबायचा?

रात्रपाळी: आम्ही आठ जण मिळून एक माइनक्राफ्ट सर्व्हर चालवतो. तो डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्राम त्याच्या सगळ्या सामानासकट वेगळ्या डब्यात (कंटेनरमध्ये) चालवणाऱ्या साधनात, हलवायचा आग्रह चाललाय. मला हा उपद्व्याप वाटतो. एक जावा, एक फोल्डर, सिस्टमडीची (लिनक्सवर सेवा चालू-बंद करणारा प्रोग्राम) दहा ओळींची फाइल. मशीन रीस्टार्ट झालं की सर्व्हर आपोआप उठतो. मध्ये आणखी एक थर घातला की बिघाड शोधायला आणखी एक जागा.

जुनाखोंड: आज एकच सर्व्हर आहे म्हणून असं बोलताय. माइनक्राफ्ट १.१६.५ चे मॉड (खेळात भर घालणारे जोड-प्रोग्राम) बहुतेक जावा ८ वर चालतात, १.१८ ला जावा १७ लागतं, १.२०.५ ला २१. कोणीतरी जुना मॉडपॅक मागेलच. तेव्हा मी दुसरी इमेज (कंटेनरचा तयार साचा, हव्या त्या जावासकट) उचलतो, पहिल्याला धक्का नाही.

रात्रपाळी: तीन जावा शेजारी-शेजारी सुखाने नांदतात हो. स्क्रिप्टमध्ये पूर्ण पाथ लिहा, झालं.

अर्धाकिल्ला: मी कंटेनरवाला, पण पोळलेला. अपडेटसाठी स्टॉप दिलं, दहा सेकंद काहीच हाललं नाही, मग एक्झिट कोड १३७, म्हणजे सर्व्हर जबरदस्तीने मारला गेला. परत चालू केलं तर मित्राच्या किल्ल्याची एक भिंतच गायब! सर्व्हर शेल स्क्रिप्टमधून सुरू होत होता, म्हणजे कंटेनरमध्ये पीआयडी १ (पहिल्या, मुख्य प्रोसेसचा क्रमांक) शेलचा. सिगटर्म, म्हणजे 'आवरून बंद हो' हा इशारा, तिथेच अडकला, जावाला पत्ताच नाही. दहा सेकंद उलटल्यावर थेट सिगकिल, आवरायला वेळ न देता बंद. शेवटच्या ऑटोसेव्हनंतर बांधलेलं सगळं गेलं. आता जावाच्या ओळीआधी 'एक्झेक' लावलंय, म्हणजे शेलची जागा जावाच घेतो, आणि मुदत ६० सेकंद केलीय.

रात्रपाळी: हेच तर म्हणतोय! सिस्टमडी सर्व्हिसच्या सगळ्या प्रोसेसना सिगटर्म पाठवतो, आणि मूळ मुदत ९० सेकंदांची. मला काही शिकावंच लागलं नाही.

जुनाखोंड: एका ओळीची चूक होती ती. वर्ल्ड (खेळातलं जग) व्हॉल्यूमवर, म्हणजे कंटेनरबाहेरच्या फोल्डरमध्ये, असेल तर मशीन बदलताना मी दोनच गोष्टी नेतो, कंपोझ फाइल (कंटेनर कसा चालवायचा ते लिहिलेली) आणि ते फोल्डर. तुम्ही काय काय इन्स्टॉल केलंय, आठवतंय का सगळं?

नवखा_०७: मधेच विचारतो, कंटेनरने लॅग (खेळ अडखळणं) वाढतो ना?

अर्धाकिल्ला: लिनक्सवर नाही म्हणण्याइतकाच. कर्नल (सिस्टमचा गाभा) तोच असतो. लॅग येतो तो खेळाच्या हिशेबामुळे: सेकंदाला २० टिक (खेळाचे ठोके), म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद. कोणी खेळातले दोनशे गावकरी एका खोलीत कोंडले की ते ५० मिलिसेकंद कुठेही पुरत नाहीत. विंडोजवर मात्र मध्ये व्हर्च्युअल मशीन येतं, तिथे वर्ल्ड विंडोजच्या फोल्डरमध्ये ठेवलं तर फाइली रखडतात.

रात्रपाळी: मशीन बदलण्याचा मुद्दा मान्य, आमची यादी खरंच कुठे लिहिलेली नाही. पण फायरवॉलचं काय? आरकॉनचं (दुरून सर्व्हरला हुकूम देण्याची सोय) २५५७५ पोर्ट यूएफडब्ल्यूत (लिनक्सच्या फायरवॉलमध्ये) बंद केलेलं, तरी डॉकरने स्वतःचे नियम घालून बाहेर उघडं ठेवलेलं मी पाहिलंय.

जुनाखोंड: ते पोर्ट डॉकरमधून बाहेर उघडायचंच नाही. फारच लागलं तर १२७.०.०.१ ला, म्हणजे फक्त त्याच मशीनपुरतं, बांधा. बाहेर फक्त २५५६५, खेळाडूंचं पोर्ट.

रात्रपाळी: बरं. आधी वर्ल्डची कॉपी काढतो, मग दुसऱ्या मशीनवर करून बघतो. चालू सर्व्हरला हात लावणार नाही.